दोन फुटी गेज, तीन फुटी फळी: माथेरानच्या धर्तीवर छोटा लेआउट, बांधणीपासून प्रदर्शनापर्यंत

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांना गोल रुळावर फिरणारी गाडी आठवते. ती घरच्या गणपतीपुढे दहा मिनिटं छान वाटते, नंतर तिच्याकडे कुणी बघत नाही. नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीचं, तसं नाही. इथे गाडीच मुळात छोटी आणि संथ असते, वळणं घट्ट असतात, स्टेशन म्हणजे एक शेड आणि एक पाटी. त्यामुळे तीन फुटांच्या फळीवरही ती खरी वाटते. मेल-एक्स्प्रेसला तेवढ्या जागेत नुसती उभी करता येईल.

या लेखात नमुना घेतलाय नेरळ–माथेरानचा. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या हट्टातून १९०४ ते १९०७ या काळात बांधलेली ही दोन फुटी लाइन. पण सगळा घाट घरात आणायच्या भानगडीत पडू नका. घाट म्हणजे उंची, उंची म्हणजे वजन, आणि वजनदार लेआउट (फळीवर मांडलेला रूळ-स्टेशनाचा सगळा देखावा) एकदा भिंतीला लागला की तिथेच राहतो. आपल्याला तो लोकांना दाखवायचाय. म्हणून पहिल्या दिवसापासून तीनच प्रश्न डोक्यात ठेवायचे: तो लिफ्टमधून जाईल का, एकट्याला उचलेल का, आणि हॉलमध्ये सहा तास न रुसता चालेल का?

प्रमाण आधी, खरेदी नंतर

माथेरानचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६१० मिलिमीटर. बारीक रुळांमध्ये सर्वांत सहज मिळतो तो ९ मिलिमीटरचा, म्हणजे एन गेजचा. आता हिशेब करा. १:८७ प्रमाणात ९ मिलिमीटर रूळ म्हणजे प्रत्यक्षात ७८३ मिलिमीटर. माथेरानसाठी हे फारच रुंद. १:७६ प्रमाणात तोच रूळ ६८४ मिलिमीटरचा होतो. अजून थोडा रुंदच, पण डोळ्याला खटकत नाही. ब्रिटनमध्ये दोन फुटी गाड्या करणारे बहुतेक लोक याच जोडीवर स्थिरावले. तिला तिकडे ‘डबल-ओ-नाइन’ म्हणतात आणि १९७३ पासून तिची स्वतंत्र सोसायटी आहे. रूळ, पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा), चाकं, कपलिंग असं तयार सामान याच मापात सर्वांत जास्त मिळतं, हेही एक कारण.

तुमचा जीव बार्शी लाइट रेल्वेवर असेल तर मात्र १:८७ घ्या. ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये सुरू केलेली ती लाइन ७६२ मिलिमीटरची. भागाकार केला की पावणेनऊ मिलिमीटर येतात. ९ च्या रुळावर ती जवळजवळ तंतोतंत बसते. यवतमाळच्या शकुंतला रेल्वेचंही गेज तेच. थोडक्यात, आधी लाइन निवडा, तिचं गेज शोधा, मग प्रमाण. आधी सेल लागला म्हणून इंजिन घेऊन ठेवलं आणि नंतर त्याच्या मापाची लाइन शोधत बसलं, असा उलटा प्रवास पुष्कळ जण करतात आणि पहिल्या स्टेशनलाच अडकतात.

काय दाखवायचं

छोट्या लेआउटला एक कारण लागतं: गाडी इथे का येते आणि का परत जाते? माथेरानच्या लाइनवर हे कारण आयतं मिळतं. पावसाळ्यात नेरळकडची घाटातली वाहतूक बंद असते आणि गाडी फक्त अमन लॉज ते माथेरान अशी शटल धावते. म्हणजे चार महिने अमन लॉज हे टर्मिनस. शेजारीच दस्तुरी नाका. मोटारी तिथेच थांबतात, पुढे गावात मोटारीला बंदी. उतरलेली माणसं, सामान डोक्यावर घेतलेले हमाल, घोडेवाले, माकडं आणि वाट बघणारी छोटी गाडी: तीन फुटांच्या फळीला याहून जास्त मालमसाला लागत नाही.

हुबेहूब अमन लॉज करू नका, त्याच्या धर्तीवरचं कल्पित स्टेशन करा आणि नाव स्वतः ठेवा. हुबेहूब केलं की प्रदर्शनात कुणीतरी जाणकार काका येऊन ‘तो खांब या बाजूला हवा होता’ म्हणणारच. कल्पित स्टेशनात खांब तुमचा, बाजूही तुमची.

रुळांची आखणी अशी. फळी ९० बाय ४० सेंटिमीटर. उजवीकडून सुरुवात केली तर आधी इंजिन उभं राहील एवढा १० सेंटिमीटरचा तुकडा, मग पॉइंट, मग साधारण ३५ सेंटिमीटरचा लूप (मुख्य रुळाला समांतर दुसरा रूळ), मग दुसरा पॉइंट, आणि उरलेल्या २० सेंटिमीटरमध्ये हलकं वळण घेऊन रूळ डावीकडे झाडांमागे गडप. एक पॉइंट साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खातो. म्हणजे बेरीज बरोबर ९० होते आणि लूपमध्ये दहा-दहा सेंटिमीटरचे दोन डबे आरामात, तीन दाटीवाटीने राहतात. तीनचा मोह असेल तर फाउलिंग मार्क, म्हणजे डबा ज्याच्या पुढे उभा राहिला तर शेजारच्या रुळाला आड येतो ती खूण, कुठे येतो ते आधी बघा. शेजारच्या रुळावरून जाणारं इंजिन डब्याच्या कोपऱ्याला घासलं की सगळी शोभा जाते. उजवीकडचा तुकडा म्हणजे नेरळकडे जाणारी, पावसाळ्यापुरती बंद लाइन. तिच्यावर लाल पाटी लावली की लहान तुकड्याचं समर्थनही झालं.

डावीकडे ६० सेंटिमीटरची वेगळी, बिनसजावटीची फळी. ते पडद्यामागचं यार्ड.

पॉइंटचे पूर्ण आकाराचे कागदी नमुने पेको या रूळ बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते छापा, जेवणाच्या टेबलावर चिकटवा, खोक्याच्या पुठ्ठ्याची स्टेशन इमारत उभी करा आणि निदान आठवडाभर तसंच राहू द्या. येता-जाता बघताना चुका आपोआप दिसतात. कागद हलवायला पैसे पडत नाहीत.

वळणाची त्रिज्या २२८ मिलिमीटर, म्हणजे नऊ इंच, याच्या खाली नेऊ नका. जपानी कंपन्यांचे याहून कितीतरी घट्ट तयार तुकडे मिळतात आणि छोटं इंजिन त्यांवर धावतंही. पण बोगीचे डबे एकमेकांना कोपऱ्यात ढुशा देतात आणि दिसायला ते खेळणंच दिसतं.

फळी: पाऊस सोसणारी

परदेशी लेखांत मऊ लाकडाची चौकट सांगतात. आपल्या हवेत ती दुसऱ्या पावसाळ्यात पिळवटते. सगळं प्लायचंच करा: वरचा तक्ता ६ मिलिमीटर, खालची चौकट ९ मिलिमीटर प्लायच्या ७ सेंटिमीटर रुंद पट्ट्यांची, मध्ये दोन आडव्या पट्ट्या. दुकानात ‘कमर्शियल’ न मागता पाण्याला टिकणारा, बीडब्ल्यूपी दर्जाचा मागा. पट्ट्या त्याच दुकानात पॅनेल सॉवर कापून घ्या. घरच्या करवतीने नव्वद अंशाचा कोपरा नव्वदचा येत नाही. आडव्या पट्ट्यांना वायरीसाठी भोकं जोडणीआधी पाडा. जोडणीनंतर ड्रिल आत शिरत नाही, हे त्या वेळी कळून उपयोग नसतो.

जोड फेव्हिकॉल आणि स्क्रूचा. मग प्लायच्या सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, प्रायमरचे दोन हात. दमट हवा कडेतूनच आत शिरते. वरून कितीही रंग दिला आणि कड उघडी ठेवली तर फळी फुगणारच.

दोन फळ्या जोडायला नट-बोल्ट पुरतात, पण रूळ रुळाला अचूक भिडायचा तर जागेवर बसवणारी पिन हवी. कपाटाच्या कडीत जशी पिन भोकात जाते, तशी ८ मिलिमीटरची लाकडी डॉवेल एका बाजूला चिकटवा आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच भोक. दोन्ही फळ्या क्लॅम्पने आवळून भोकं एकदमच पाडायची. वेगवेगळी पाडली तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ९ मिलिमीटरच्या रुळाला अर्धा मिलिमीटर पुष्कळ झाला.

रूळ सपाट, डोंगर तिरका

माथेरानच्या लाइनचा सर्वांत तीव्र चढ १:२० आहे. मॉडेलमध्ये तो तसाच करायचा विचारही करू नका. ७०-८० ग्रॅमचं इंजिन तीन डबे घेऊन १:२० वर चाकं नुसती फिरवत बसेल. ९० सेंटिमीटरमध्ये चढाची गरजही नाही. रूळ पूर्ण सपाट ठेवा आणि जमीन तिरकी करा: फळीची पुढची कड डावीकडे ५-६ सेंटिमीटर खाली उतरती कापा, मागचा डोंगर उलट दिशेने चढवा. बघणाऱ्याला गाडी चढावर आहे असंच वाटतं, आणि कपलिंग सोडलेले डबे मात्र जागचे हलत नाहीत.

रुळाखाली ३ मिलिमीटरची कॉर्कशीट, फेव्हिकॉलने चिकटवलेली. फ्लेक्सी रूळ (हवा तसा वाकवता येणारा लांब रूळ) घेत असाल तर नॅरोगेजचा घ्या. त्याचे स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, एकमेकांपासून लांब आणि थोडे वेडेवाकडे असतात. नुसता एन गेजचा घेतला तर बारीक, दाट स्लीपर ब्रॉडगेजची आठवण करून देतात. खिसा आखूड असेल तर यार्डात एन गेज वापरा आणि समोर दिसणाऱ्या भागात नॅरोगेज.

प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची वायर हवी, पॉइंटमधल्या छोट्या तुकड्यांनाही. दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटवर विसंबू नका. ती आज वीज देते, रंग आणि माती बसल्यावर देत नाही. रूळ टाकण्याआधी रुळाच्या खालच्या बाजूला बारीक वायरचा तुकडा डाखून (सोल्डर करून) घ्या. रुळाची तेवढी जागा पॉलिशपेपरने चमकवा, फ्लक्स लावा, २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन सेकंद टेकवा, डाख पसरला की उचला. तीन-चार सेकंद झाले की प्लॅस्टिकचा स्लीपर वितळायला लागतो. शेजारच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले तर नवशिक्याचा हातही निभावून जातो.

पॉइंटबाबत एकच आग्रह: मधला फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) जिवंत, म्हणजे वीज मिळणारा, असलेला घ्या. छोट्या इंजिनाचा चाकांचा पाया जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. प्लॅस्टिकच्या मेलेल्या फ्रॉगवर ते हमखास थांबतं, आणि प्रदर्शनात दर फेरीला बोटाने ढकलावं लागतं. जिवंत फ्रॉगची वीज पॉइंटच्या दिशेप्रमाणे बदलावी लागते, त्यासाठी महागडं मोटरचं यंत्र नको. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा सहा पायांचा स्लाइड स्विच घ्या, तो फळीच्या मागच्या कडेला बसवा आणि त्याच्या दांड्यातून सायकलचा स्पोक पॉइंटपर्यंत न्या. स्विच सरकवला की स्पोक पॉइंट ओढतो आणि त्याच हालचालीत फ्रॉगची वीजही बदलते. स्विचची चाल पॉइंटच्या चालीपेक्षा जास्त असते, म्हणून शेवटच्या टोकाला बारीक स्प्रिंगवायरचा ओमेगाच्या आकाराचा वळसा द्या. तो उरलेली चाल गिळतो.

वीज आणि वेग

एका वेळी एकच गाडी धावणार असेल तर डिजिटल कंट्रोलवर खर्च करू नका. १२ व्होल्ट डीसीचा साधा कंट्रोलर पुरे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त पल्स कंट्रोलर चालतात, पण इंजिनात कोअरलेस मोटर असेल तर कमी वारंवारतेच्या पल्सने ती तापते. तेव्हा साधा, गुळगुळीत डीसी देणाराच घ्या. घरातल्या २३० व्होल्टची कुठलीही वायर फळीवर नको. अ‍ॅडॅप्टर जमिनीवर, फळीत फक्त १२ व्होल्ट.

वेगाचा हिशेब कुणी करत नाही आणि सगळं तिथेच फसतं. खरी गाडी ताशी १२ किलोमीटरने चालतेय असं धरा. म्हणजे सेकंदाला ३३३ सेंटिमीटर. भागिले ७६, उत्तर साधारण ४.४. तुमची ९० सेंटिमीटरची फळी पार करायला गाडीला वीस सेकंद लागले पाहिजेत. पाच सेकंदांत गेली तर ती ताशी ५० किलोमीटरने सुसाटतेय, आणि ही गाडी जन्मात कधी तशी धावलेली नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून वीस सेकंदांची जागा शोधा आणि कंट्रोलरच्या बटणाजवळ पांढऱ्या पेनने खूण करून ठेवा.

गाडी

माथेरानची तयार गाडी दुकानात मिळण्याची आशा धरू नका. रीत अशी, की चालणारा सांगाडा एन गेजचा आणि वरचं अंग आपलं. काटो या जपानी कंपनीचे छोट्या ट्रामचे मोटरसकट सांगाडे यासाठी जगभर वापरले जातात. माथेरानची सुरुवातीची चार वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेलची, सहा चाकांची होती, आणि वळणं सोसावीत म्हणून त्यांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे, बाजूला सरकू शकणारे अ‍ॅक्सल होते. मॉडेलमध्ये त्या करामतीची गरज नाही, चार चाकांचा सांगाडाही बाहेरच्या फ्रेमच्या आड लपून जातो. तरी पहिलं इंजिन डिझेल करा, हे माझं ठाम मत. चौकोनी अंग, सरळ कडा, आत वजन ठेवायला जागा. वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर-दांडे नंतर.

अंग रेझिन प्रिंटरवर छापून घेतलं तर उत्तम. पुण्या-मुंबईत फाइल दिली की छापून देणारे आहेत. डब्यांना प्रिंटरही लागत नाही. ३०० जीएसएम कार्ड किंवा एक मिलिमीटरची प्लॅस्टिक शीट, धारदार कटर आणि स्टीलची पट्टी एवढ्यावर डबा होतो. खिडक्या आधी कापा, बाजू नंतर वेगळी करा. उलट केलं तर अरुंद पट्टी हातात पिळवटते.

डब्याला वजन हवंच, नाहीतर पॉइंटवर उडतो. मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या किंवा साधे लोखंडी नट चालतात. मात्र शिसं फेव्हिकॉलने चिकटवू नका. पांढऱ्या गोंदाची आणि शिशाची हळूहळू अभिक्रिया होते, शिसं फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांत डब्याच्या बाजू आतून फुटतात. अराल्डाइट वापरा, आणि शिसं हाताळल्यावर हात धुवा. चाकं धातूची घ्या. प्लॅस्टिकची चाकं रुळावर काळा थर सोडतात.

माती, जांभा, झाडी

माथेरानचा डोंगर बेसाल्टचा, माथ्यावर जांभ्याची टोपी. खालच्या घाटातली कातळकडा काळपट आणि वरची जमीन लाल. तुमचं स्टेशन वर आहे, म्हणजे लालच. जुम्मापट्टीसारखं घाटातलं स्टेशन करणार असाल तर काळा कातळ दाखवा. हा एक फरक बरोबर आला तर माथेरान बघितलेला माणूस लांबूनच ओळखतो.

डोंगराचा गाभा पिवळ्या-गुलाबी एक्सपीएस फोमचा किंवा साध्या थर्माकोलचा. थर्माकोलला फेव्हिक्विक आणि स्प्रे-पेंट लावू नका, त्या दोन्हींनी ते विरघळतं. त्यावर काय करायचं हे दिवाळीत किल्ला केलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही: तिथे दगडांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचो, इथे जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पातळ पीओपीत बुडवून टाकायच्या. अर्धवट वाळल्यावर जांभ्याची कापलेली भिंत हवी तिथे जुन्या टूथब्रशने आणि दाभणाने टोचा. जांभा गुळगुळीत नसतो, भोकाभोकांचा असतो. रंग गेरूचा. पाण्यात कालवलेला पातळ गेरू, वाळल्यावर भोकांत काळपट तपकिरी पाणी, आणि उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने फिकट केशरी. तीन हात, बास.

माती खरीच वापरा, पण माथेरानहून उचलून आणू नका. तो परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे, आणि तशीच लाल माती नर्सरीत पिशवीत मिळते. ती तव्यावर किंवा ओव्हनमध्ये चांगली भाजा, म्हणजे अंडी-बुरशी मरते. मैद्याच्या चाळणीने चाळा. आणि आता महत्त्वाचं: कागदावर पातळ पसरून तिच्यावरून जोरदार चुंबक फिरवा. लाल मातीत लोहाचे कण असतात. चुंबकाला जे चिकटेल ते फेकून द्या. ते रुळाशेजारी राहिलं तर मोटरचं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटर करकरायला लागते. दोन-तीनदा फिरवा, चुंबक स्वच्छ निघेपर्यंत.

माती रुळांमध्ये ब्रशने पसरा. स्लीपरच्या वर येऊ देऊ नका, पॉइंटच्या हलणाऱ्या भागात तर एक कणही नको. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून ओली करा, मग एक भाग फेव्हिकॉल, दोन-तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. लिक्विड नसेल तर गोंदाचा थेंब मातीवर मण्यासारखा बसून राहतो, आत जात नाही. पॉइंटला आधी तेलाचं बोट लावून ठेवा. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी रुळाचा माथा पुसून गाडी चालवून बघा.

वरची झाडी सदाहरित: जांभूळ, हिरडा, अंजनी. या झाडांचा आकार पाइनसारखा टोकदार नसतो, दाट आणि घुमटासारखा असतो. त्यामुळे तयार विकत मिळणारी परदेशी झाडं इथे परकी दिसतात. इलेक्ट्रिकच्या जुन्या वायरमधले तांब्याचे तार पिळून खोड करा, फांद्या फोडा, डाखाऐवजी फेव्हिकॉल-पीओपीचं सारण लावा. पानांसाठी जुना स्पंज पाण्यासकट मिक्सरमध्ये बारीक करा, दोन-तीन हिरव्या रंगांत बुडवा, वाळवा. मिक्सर घरातला नको, ही सूचना गृहशांतीसाठी. झाडं मोठी करा. खरं झाड दहा-बारा मीटरचं असतं, म्हणजे १:७६ मध्ये १३ ते १६ सेंटिमीटर. लोक घाबरून सहा सेंटिमीटरची करतात आणि गाडी राक्षसासारखी दिसते.

काळ एक ठरवा आणि पाळा. १९७० चं दशक असेल तर हातरिक्षा आणि वाफेचं इंजिन. आजचं असेल तर डिझेल, ई-रिक्षा आणि हातात मोबाइल धरलेली माणसं. स्टेशनची पाटी पिवळी, अक्षरं काळी, तीन भाषांत. घरच्या प्रिंटरवर फोटोपेपरवर छापा आणि एक मिलिमीटर शीटवर चिकटवून पांढरी कड काळ्या मार्करने मारा. १:७२ चे प्लॅस्टिकचे सैनिक मिळतात. डोकं, हात बदलून आणि टिश्यूपेपरचं नेसण लावून त्यांतून बायका, हमाल, घोडेवाले होतात. पंधरा-वीस पुरेत. एकाही माणसाला धावताना किंवा हात उंचावून गोठलेलं दाखवू नका. गाडी हलते आणि तो तसाच, हे विचित्र दिसतं. उभे, बसलेले, वाट बघणारे ठेवा.

यार्ड आणि आपोआप शटल

पडद्यामागच्या यार्डात पॉइंटचा पंखा उघडायला जागा नाही. कॅसेट करा. खिडक्यांच्या कामातली अ‍ॅल्युमिनियमची एल-पट्टी घ्या, १० बाय १० मिलिमीटरची. ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे ६ सेंटिमीटर रुंद प्लायवर समोरासमोर, मधलं अंतर चाकं अलगद फिरतील एवढं. पट्टीच रूळ आणि तीच वायर. वीज द्यायला कागदाच्या मोठ्या क्लिपा. आलेली गाडी कॅसेटसकट उचलायची, दुसरी ठेवायची. अशा चार कॅसेट म्हणजे चार गाड्या, आणि कुठल्याही डब्याला हात लागत नाही. दोन्ही टोकांना फोमचा अडसर मात्र लावा. जमिनीवर पडलेलं इंजिन दुरुस्त होत नाही.

गणेशोत्सवाच्या देखाव्यात लेआउट ठेवणार असाल तर पाच-दहा दिवस कंट्रोलरपाशी कोण बसणार? त्यासाठी आपोआप शटल. लाइनच्या दोन्ही टोकांना एका रुळात काप द्या आणि कापावर १एन४००७ डायोड जोडा, दोन टोकांचे डायोड उलट दिशांना. इंजिन टोकाच्या तुकड्यात शिरलं की वीज अडते आणि ते थांबतं. टायमर-रिलेने ध्रुवता उलटली की त्याच डायोडमधून वीज मिळते आणि गाडी परत निघते. टोकाचा तुकडा इंजिनाच्या दुप्पट लांब ठेवा आणि टायमरची वेळ फेरीपेक्षा पंधरा-वीस सेकंद जास्त, म्हणजे गाडी स्टेशनात जरा टेकते. आरतीच्या वेळी बंद करा. कापूर, धूप आणि रूळ यांचं जमत नाही, धुराचा तेलकट थर बसतो.

हॉलमध्ये

आयोजक देतात ते टेबल पाऊण मीटर उंचीचं. त्यावर नुसती फळी ठेवली तर लोकांना फक्त छप्परं दिसतात. रूळ जमिनीपासून १०५ ते ११० सेंटिमीटरवर यायला हवा. टेबलावर ठेवायला प्लायचीच दोन खोकी करा. येताना त्यांतच हत्यारं आणि गाड्या येतात. लहान मुलांसाठी एक मजबूत पाट सोबत न्या. आईबाप मुलांना उचलून धरतात तेव्हा पाय पहिल्यांदा लेआउटला लागतात.

मागे आकाशाचा पडदा, कोपऱ्यांत गोल वळवलेला. काटकोनी कोपरा आला की आकाश म्हणजे भिंत आहे हे कळतं. वर झालर आणि तिच्या आत ४००० केल्व्हिनच्या आसपासची एलईडी पट्टी. हॉलच्या ट्यूबवर विसंबलात तर लाल माती तपकिरी दिसेल. पुढच्या कडेला १५ सेंटिमीटर उंच अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावा. ‘हात लावू नये’ पेक्षा ती जास्त काम करते.

दोघं जण हवेत: एक मागे गाडी चालवणारा, एक पुढे बोलणारा. एकट्याने दोन्ही करायला गेलं की गाडी थांबते, आणि थांबलेल्या लेआउटसमोर माणूस अर्धा मिनिटही उभा राहत नाही. लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘किती खर्च आला?’, ‘किती दिवस लागले?’ आणि ‘दादा, मी चालवू?’ तिसऱ्याचं उत्तर हो असू द्या. कंट्रोलरवरची वेगाची खूण दाखवून एक फेरी द्या. मूल त्या खुणेपुढे सहसा जात नाही, त्याचे बाबा जातात.

ओळीने करायच्या हालचालींची एक चिठ्ठी मागच्या बाजूला चिकटवा: गाडी आली, इंजिन सुटलं, लूपमधून फिरलं, दुसऱ्या टोकाला लागलं, गाडी गेली. दर दोन-तीन मिनिटांत काहीतरी हलतं राहिलं पाहिजे. तासातून एकदा आयसोप्रोपिल लावलेल्या सुती कापडाने रूळ आणि इंजिनाची चाकं पुसा. पॉलिशपेपरने रूळ घासू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ लवकर साठतो. एक जादा इंजिन, मल्टिमीटर, तापायला वेळ न लावणारं सोल्डरिंग आयर्न, चिमटा, क्लिपा, दुहेरी टेप, फ्यूज असलेला स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि लांब वायर, एवढं खोक्यात कायम. हॉलमधला सॉकेट तुमच्या टेबलापासून नेहमी लांबच असतो.

नेण्यासाठी सनपॅक शीटचं झाकण करा, फळीच्या चौकटीवर घट्ट बसणारं आणि सर्वांत उंच झाडापेक्षा दोन सेंटिमीटर उंच. गाड्या फोमच्या खाचांत, वेगळ्या डब्यात. घरी परतल्यावर झाकण लगेच काढून फळी पंख्याखाली तासभर ठेवा, मगच पुन्हा बंद करा. पावसाळ्याचे दिवस असतील तर आत सिलिका जेलच्या दोन-तीन पिशव्या टाका आणि फळी बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवता आतल्या कोरड्या भिंतीला उभी करा. ओल आली की गेरू आणि फेव्हिकॉल दोन्हींवर पांढरी बुरशी धरते, आणि ती झाडांच्या स्पंजातून काढता येत नाही, झाडं नवी करावी लागतात.